पेल एल करायला घेतली आणि झाली सेझाँ: चुकीच्या यीस्टसोबत ३५ दिवस

ज्यांच्या फर्मेंटरमध्ये (बिअर आंबवायच्या भांड्यात) आत्ता चुकीचं यीस्ट पडलंय आणि पुढे काय करावं ते सुचत नाहीये त्यांच्यासाठी हे लिहितेय. मार्चमध्ये मी त्याच जागी होते, रात्री अकरा वाजता फ्रिजचं दार उघडं धरून उभी, आणि समोर जे पॅकेट तीन दिवसांपूर्वी संपलेलं असायला हवं होतं ते जसंच्या तसं, न फोडलेलं. तेव्हा मला कुणीतरी शेवटपर्यंतची गोष्ट सांगायला हवी होती, म्हणून तारखांसकट सगळं लिहून ठेवते.

आधी एक गोष्ट. घरी बिअर करायला परवानगी आहे का, किती लिटरपर्यंत, लायसन्स लागतं का, हे जागेप्रमाणे बदलतं, तेव्हा तुमच्याकडचा कायदा आधी बघून घ्या. आणि घरच्या बिअरच्या विक्रीच्या भानगडीत पडू नका.

शनिवार, ८ मार्च. ही माझी नववी बॅच. साधी सरळ पेल एल करायची होती, म्हणजे फिकट रंगाची, हॉप्सच्या वासाची बिअर, २० लिटर. पेल माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) ४.२ किलो, थोडा क्रिस्टल माल्ट, थोडा गहू, ६७ डिग्रीला एक तास मॅश, म्हणजे भरडलेला माल्ट गरम पाण्यात भिजवणं, तासभर उकळी, त्यात कडूपणा आणि वासासाठी हॉप्सची फुलं, सुरुवातीला सेंटेनियल जातीची आणि शेवटच्या दहा मिनिटांना कॅस्केड. बॅचचं काही चुकलं नाही, उलट आजवरचा सगळ्यात सुरळीत दिवस होता. ओरिजिनल ग्रॅव्हिटी (आंबण्याआधीची घनता, साखर संपत जाते तशी ती उतरते) १.०५२ आली, हवी तेवढीच. यीस्ट ठरलेलं होतं अमेरिकन एलचं, म्हणजे चवीत स्वतःचं फारसं काही न घालणारं, माल्ट आणि हॉप्सना पुढे येऊ देणारं. ते साधारण १.०११ ला थांबतं आणि अल्कोहोल ५.४ टक्क्यांच्या आसपास येतं, असा सगळा हिशोब वहीत मांडलेला होता.

आता चूक कशी झाली ते नीट सांगते, कारण ती कुणाच्याही हातून होईल. मी दोन पॅकेटं एकाच वेळी मागवली होती, एक हे आणि एक सेझाँचं (बेल्जियमची कोरडी, मसालेदार वासाची बिअर), पुढच्या बॅचसाठी. दोन्ही सारख्याच मापाची, दोन्ही चंदेरी, नाव वरच्या पट्टीवर. वॉर्ट (माल्टचं न आंबलेलं गोड पाणी) २० डिग्रीला आलं तेव्हा संध्याकाळचे साडेसात झाले होते, सकाळी नऊपासून उभी होते, हात सॅनिटायझरने ओले. फ्रिजमधून पॅकेट काढलं, सॅनिटायझरच्या बादलीत बुडवलं, कात्री बुडवली, वरची पट्टी कापली ती बादलीतच पडली, आणि यीस्ट वॉर्टवर भुरभुरवलं. नाव वाचलं नाही. फ्रिजमध्ये एक पॅकेट कांद्याच्या डब्यामागे सरकलं होतं आणि हाताला पुढचं लागलं, एवढंच. वहीत मात्र मी लिहिलं, "अमेरिकन एल, १ पॅकेट, ७.४० वाजता पिच केलं." वहीत जे ठरलं होतं ते लिहिलं, जे झालं ते नाही.

रविवारी दुपारपर्यंत जाड फेस आला, एअरलॉक (झाकणावरची, गॅस बाहेर सोडणारी झडप) जोरात चालू. छान वाटलं. सोमवारी संध्याकाळी एअरलॉकपाशी नाक नेलं आणि काहीतरी खटकलं. लवंग. थोडी मिरी. त्याच्यामागे संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी. अमेरिकन एल यीस्टचा वास असा येत नाही, त्याच्या एअरलॉकमधून हॉप्सचा आणि ओल्या ब्रेडचा वास येतो. माझ्या मनात पहिला शब्द आला इन्फेक्शन. आठ बॅचमध्ये एकदाही झालं नव्हतं त्यामुळे पोटात गोळाच आला. दुसरी शंका पाण्यातल्या क्लोरिनची, कारण क्लोरिन माल्टमधल्या फिनॉलशी जुळलं की बिअरला औषधी वास येतो. पण तो वास जखमेवरच्या चिकटपट्टीसारखा असतो, अगदी ओळखता येण्यासारखा, आणि हा तसा नव्हता. हा खरं तर चांगला वास होता, फक्त माझ्या बिअरचा नव्हता. आंबूसपणा नव्हता, फेसावर पांढरी सुरकुतलेली साय नव्हती. मंगळवारी दिवसभर डोक्यात हेच.

मंगळवार, ११ मार्च, रात्री अकरा. पाण्याची बाटली काढायला फ्रिज उघडला, डबा सरकवला, मागे ते पॅकेट. अमेरिकन एल. सेझाँचं कुठेच नाही. तरी खात्री पटेना म्हणून बाल्कनीत गेले, सॅनिटायझरची बादली मी रिकामी करून उलटी घालून ठेवली होती, ती सरळ केली तर तळाला कापलेली पट्टी चिकटलेली, सुकलेली, एका कोपऱ्यात नावाची अर्धी अक्षरं. नखाने सोडवून दिव्याखाली धरली. सेझाँच.

दादाला फोन केला. माझा चुलतभाऊ, माझ्या कितीतरी आधीपासून घरी बिअर करतोय, मला पहिला हायड्रोमीटर, घनता मोजायची दांडी, त्यानेच दिला. मी म्हटलं, "दादा, सगळं ओतून देऊ का?" तो म्हणाला, "अगं, ओतू नकोस. बिअर बिघडली नाहीये, वेगळी झालीय. पण आधी मला सांग, तुझं हे सेझाँचं यीस्ट डायस्टॅटिकस आहे का?" मला माहीतच नव्हतं. कंपनीची माहिती उघडून वाचली, होय, स्पष्ट लिहिलेलं होतं. दादा म्हणाला, "मग बाटल्या भरायची घाई करायची नाही. मला विचारल्याशिवाय भरायच्या नाहीत." आवाजात गंमत नव्हती त्याच्या.

हे डायस्टॅटिकस म्हणजे काय ते त्या रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले. मॅशमध्ये माल्टच्या स्टार्चपासून साखरा तयार होतात, त्यातल्या काही लहान असतात, त्या कुठलंही बिअरचं यीस्ट खातं. काही मोठ्या असतात, डेक्स्ट्रिन, त्या साध्या एल यीस्टला खाता येत नाहीत, म्हणून त्या बिअरमध्ये राहतात आणि घोटाला भरीवपणा देतात. डायस्टॅटिकस जातीच्या यीस्टमध्ये एसटीए१ नावाचा जीन असतो, त्यामुळे ते एक एन्झाइम बाहेर सोडतं आणि ते एन्झाइम या मोठ्या साखरा बसून बसून तोडतं. तोडल्या की यीस्ट त्या खातं. म्हणजे माझं यीस्ट १.०११ ला थांबणार नव्हतं, ते खालीच जात राहणार होतं, आणि तेही हळूहळू, आठवडेच्या आठवडे. लवंगेचं कारणही कळलं. माल्टच्या टरफलात फेरुलिक ॲसिड असतं, काही यीस्ट त्याचं रूपांतर लवंगेच्या वासाच्या फिनॉलमध्ये करतात. माणसाने शेकडो वर्षं एकाकडून दुसरीकडे देत सांभाळलेल्या बहुतेक एल यीस्टांनी ही ताकद गमावलीय, सेझाँ आणि जर्मन गव्हाच्या बिअरच्या यीस्टांनी ती टिकवलीय. हे वाचल्यावर निदान भीती तरी गेली. इन्फेक्शन नव्हतं. यीस्ट त्याचंच काम करत होतं, मी त्याच्याकडून दुसऱ्याच कामाची अपेक्षा धरून बसले होते.

बुधवारी सकाळी डोकं शांत झालं. पहिला मोह होता ते योग्य पॅकेट आता वरून घालायचा. खूप जणांना हा मोह होतो, करू नका. तीन दिवसांत पहिल्या यीस्टने ऑक्सिजन संपवलेला असतो, सोपी साखर निम्म्याच्या वर खाल्लेली असते, लवंग तर आलेलीच असते ती जात नाही, आणि डायस्टॅटिकस काही उठून बाहेर जाणार नाही. एक चांगलं पॅकेट वाया जाईल, दुसरं काही नाही. ओतून देणं हाही पर्याय होता पण साडेचार किलोच्या वर माल्ट आणि एक अख्खा दिवस, मन होईना. मग राहिलं एकच, की यीस्टला जे करायचंय ते नीट करू द्यायचं आणि बाकी सगळं त्याच्याप्रमाणे बदलायचं. तापमान, हॉप्स, थांबायचे दिवस, बाटल्या, सगळं.

वहीत ८ मार्चची ओळ मी खोडली नाही, तिच्यावर एक आडवी रेघ मारली, वाचता येईल अशी, खाली खरं यीस्ट, पॅकेटवरचा लॉट नंबर जेवढा पट्टीवर शिल्लक होता तेवढा आणि "११ मार्चला लक्षात आलं" असं लिहिलं, पट्टी सेलोटेपने बाजूला चिकटवली. हे क्षुल्लक वाटेल पण पुढे महिनाभर मी प्रत्येक आकडा त्या पट्टीच्या खाली लिहीत गेले आणि कुठल्या बिअरचे आकडे लिहितेय ते विसरायची सोय राहिली नाही.

बुधवार, १२ मार्च. पहिलं सॅम्पल, १.०२६. त्याच वेळी दादाच्या सांगण्यावरून अजून २५० मिलि काढलं, सॅनिटाइझ केलेल्या काचेच्या बाटलीत घातलं, तोंडावर सैलसर फॉइल, आणि फ्रिजच्या वर जिथे ऊब असते तिथे ठेवलं. रोज सकाळ संध्याकाळ गोल फिरवून गाळ वर आणायचा. छोट्या बाटलीत, उबेत, सारखं हलवलं की यीस्ट आपलं काम मोठ्या फर्मेंटरच्या बरंच आधी संपवतं आणि आपल्याला शेवट कुठे आहे ते आधीच कळतं. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच. बरोबर यीस्ट असतानाही मी आता दर बॅचला करते.

तापमान. पेल एलसाठी मी १९-२० डिग्रीवर धरून ठेवणार होते. सेझाँ यीस्ट बेल्जियमच्या वालोनियातल्या शेतांवरच्या बिअरचं, त्याला ऊब आवडते, आणि काही जाती तर अर्ध्यावर थंडी लागली की तिथेच अडून बसतात. म्हणून हीट पॅड लावलं आणि रोज एक-दीड डिग्री असं करत १६ मार्चपर्यंत २६ वर नेलं. एकदम नेऊ नका, आणि एकदा वर नेलं की खाली येऊ देऊ नका. १५ तारखेचं सॅम्पल १.०१६.

मग आला बुधवार, १९ मार्च, आणि या दिवसाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय. अकरावा दिवस. फेस खाली बसलेला, एअरलॉक मिनिटा-दोन मिनिटांनी एखादा बुडबुडा, बिअर वरून साफ व्हायला लागलेली. सॅम्पल १.००९. माझ्या आधीच्या आठही बॅच मी दहाव्या ते चौदाव्या दिवसात बाटलीत भरल्यात, अशाच दिसणाऱ्या, अशाच आकड्याला. मला चूक कळलीच नसती तर त्या दिवशी मी म्हटलं असतं वा, दोन पॉइंट खाली गेली, छान झाली, आणि शनिवारी भरून टाकली असती.

आता हिशोब बघा. ग्रॅव्हिटीचा एक पॉइंट, म्हणजे ०.००१, बाटलीत आंबला की साधारण अर्धा व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइड तयार होतो (एक व्हॉल्यूम म्हणजे बिअर जेवढी तेवढाच गॅस). १.००९ पासून १.००३ पर्यंत सहा पॉइंट, म्हणजे तीन व्हॉल्यूम. त्यात मी फेसासाठी घातलेली साखर आणि आधीचा गॅस धरून २.४. एकूण साडेपाचच्या जवळ, म्हणजे शॅम्पेनच्या जाड बाटलीत असतं त्या घरातलं प्रेशर, आणि माझ्या बाटल्या साध्या बिअरच्या, ज्या ३ च्या फार वर न्यायच्या नसतात. आणि हे भरल्यावर लगेच नाही, तीन चार आठवड्यांनी, कपाटात, कधीतरी कुणी दार उघडताना. ३६ बाटल्या. वहीत हा गुणाकार केला आणि पेन ठेवून दिलं, हात थोडा थरथरत होता खरंच. म्हणून कळकळीने सांगते, चवीची काळजी नंतर करा, चुकीचं यीस्ट पडलंय असं कळलं की पहिल्यांदा ते डायस्टॅटिकस आहे का ते शोधा. बहुतेक कंपन्या लिहितात. नाही सापडलं आणि नाव सेझाँचं असेल तर आहे असंच धरून चाला.

२१ मार्चला फ्रिजवरच्या छोट्या बाटलीचं माप घेतलं, १.००३. दोन दिवसांनी पुन्हा १.००३. म्हणजे मुक्काम कळला. मोठा फर्मेंटर २३ ला १.००६, २९ ला १.००४, २ एप्रिलला १.००३, ५ ला १.००३, ९ ला १.००३.

आकडे कसे घ्यायचे त्याबद्दल दोन गोष्टी, कारण इथे एकेका पॉइंटला किंमत आहे. हायड्रोमीटर आधी साध्या पाण्यात टाकून बघा, २० डिग्रीला १.००० दाखवतो का, माझा दाखवतो पण दादाचा जुना दोन पॉइंट वर दाखवायचा. सॅम्पल २६ डिग्रीला मोजलं तर आकडा खऱ्यापेक्षा साधारण एक पॉइंट कमी येतो, म्हणून गार होऊ द्या. आणि सॅम्पलमधला गॅस काढून टाका, दोन ग्लासांत पाच सहा वेळा इकडून तिकडे ओता, नाहीतर बुडबुडे दांडीला चिकटून तिला वर उचलतात आणि आकडा जास्त दिसतो. सॅम्पल फर्मेंटरमध्ये परत ओतू नका, प्या. प्रत्येक सॅम्पल प्यायल्यामुळेच मला बिअर कुठे चाललीय ते कळत गेलं. २३ मार्चपर्यंत तिखट, कडसर, थोडी गंधकाची झाक. ५ एप्रिलला गंधक गेलेलं आणि मिरी मऊ झालेली.

ड्राय हॉपचं, म्हणजे आंबल्यावर वासासाठी वरून घालायच्या हॉप्सचं, काय करायचं यावर मी आणि दादा भांडलो जवळजवळ. माझे ५० ग्रॅम कॅस्केड फ्रीझरमध्ये तयार होते, तो म्हणाला, "घाल गं, हॉप्सवाली सेझाँ छान लागते." मला धीर होईना. मग २९ तारखेच्या सॅम्पलचे दोन लहान ग्लास केले, एकात हॉप्सच्या तीन गोळ्या टाकल्या, दोन्हींवर झाकण, रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी आधी हॉप्सवाला उचलला. ग्रेपफ्रूटचा वास वर आला, त्याच्या खालून लवंग, आणि दोघांच्या मध्ये कापलेल्या हिरव्या गवतासारखं काहीतरी, घोटाच्या शेवटी जिभेच्या मागच्या बाजूला कडूपणा रुतून बसला. साधा ग्लास त्याच्यापुढे कितीतरी स्वच्छ. बिअर एवढी कोरडी झाली की कडूपणाला मागे टेकायला गोडवा उरत नाही, सुरुवातीच्या हॉप्सचे तीसेक आयबीयू (कडूपणाचं माप) सुद्धा जास्त वाटतात. हॉप्स नाही घातले. दादा अजूनही म्हणतो घालायला हवे होते.

या थांबण्याच्या आठवड्यांत माझी चिडचिड खूप झाली. फर्मेंटर अडकलेला, पुढची बॅच करता येत नाही, रोज जाता येता दिसायचं. त्या दिवसांत यीस्टचा इतिहास वाचला आणि त्याने बरं वाटलं. १५१६ च्या बव्हेरियाच्या नियमात बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढंच म्हटलंय, यीस्टचा उल्लेखच नाही. आणि १८८३ मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल क्रिस्टियान हान्सनने एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं ते का, तर तिथल्या बिअरमध्ये रानटी यीस्ट मिसळून ती बिघडत होती म्हणून. म्हणजे आज आपण पॅकेटवर एकाच जातीचं नाव वाचू शकतो ते नको असलेल्या यीस्टच्या त्रासातून आलंय. त्या पट्टीकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघायला लागले.

शनिवार, १२ एप्रिल, पस्तिसावा दिवस. आठवडाभर आकडा हलला नव्हता, छोट्या बाटलीशी जुळत होता, दादाने हो म्हटलं. गाळ आणि सॅम्पलं जाऊन १८ लिटर भरलं. सेझाँला गॅस जास्त ठेवतात पण मी २.५ व्हॉल्यूमवरच थांबले, १८ लिटरला १२० ग्रॅम साधी साखर, उकळून गार केलेल्या पाण्यात. बाटल्यांतल्या सगळ्यात जाड निवडून घेतल्या. ३६ पैकी एक प्लास्टिकची सोड्याची बाटली, मुद्दाम, कारण तिला दाबून बघता येतं. भरल्यावर दाबून थोडी हवा काढून झाकण लावलं, तेव्हा ती मऊ होती, चौथ्या दिवशी फुगली, दहाव्या दिवशी कडक, आणि मग तेवढीच कडक राहिली. सगळ्या बाटल्या झाकणाच्या खोक्यात, खोकं कपाटाच्या तळाशी. रोज सकाळी ती एक बाटली दाबायची हा महिनाभर माझा नियम होता. ती दगडासारखी व्हायला लागली असती तर सगळ्या थंड करून, हातमोजे आणि चष्मा लावून झाकणं सैल करायची तयारी ठेवली होती. वेळ आली नाही.

२६ एप्रिलला पहिली उघडली, ताई आली होती म्हणून. गॅस बरोबर, फेस पांढरा आणि उंच, पण चव अजून विस्कटलेली. ताई म्हणाली, "चांगली आहे गं, पण ही तू म्हणालीस ती नाही ना?" १० मे ला दुसरी, बरीच बरी. २४ मे ला, बाटलीत सहा आठवडे झाल्यावर, मात्र खरंच सुंदर होती. फिकट सोनेरी, लिंबाच्या सालीचा वास, मिरी, लवंग फक्त शेवटी, आणि घोट इतका कोरडा की दुसरा घ्यावासा वाटतोच. अल्कोहोल ५.४ ऐवजी ६.४, हे मात्र पिणाऱ्याला आधी सांगावं लागतं कारण ती अजिबात जड लागत नाही.

या सगळ्यात गेलं काय ते पण लिहिते. तीन आठवडे जास्त. दीडेक लिटर बिअर सॅम्पलांत. आणि नळी, बाटल्या भरायची कांडी, नळाचे दोन वॉशर, हे सगळं मी टाकून नवीन घेतलं, कारण डायस्टॅटिकस पुढच्या बॅचमध्ये चुकून थोडं जरी शिरलं तरी ती बाटलीत भरल्यावर आंबत राहू शकते. काचेचं, स्टीलचं नीट धुऊन सॅनिटाइझ होतं, प्लास्टिकला चरे पडलेले असतील तर भरवसा नाही. माझा फर्मेंटर प्लास्टिकचा, त्यावर आता जाड मार्करने "सेझाँ" लिहिलंय आणि तो फक्त तेवढ्यासाठीच. दुसरा घ्यावा लागला. खर्चाचं म्हणाल तर सगळ्यात मोठा तोच.

तुमच्या हातून दुसरं काही पडलं असेल तर एवढं घाबरायचं कारण नाही. अमेरिकन ऐवजी इंग्लिश एल पडलं तर बिअर थोडी फळाळ, थोडी गोडसर, लवकर साफ होणारी, बस्स. गव्हाच्या बिअरचं पडलं तर केळं आणि लवंग येणार, मग वरून हॉप्स घालू नका, आणि त्यातल्याही काही जाती डायस्टॅटिकस असतात तेव्हा माहिती वाचाच. लागरचं पडलं असेल आणि तुमच्याकडे थंड करायची सोय असेल तर पहिल्या एक दोन दिवसांतच १२-१३ डिग्रीला आणा, शेवटी दोन तीन दिवस १८ ला ठेवा म्हणजे लोण्यासारखा वास राहत नाही. सोय नसेल तरी ३४/७० नावाच्या लागर यीस्टसारखी जात एलच्या तापमानालाही बऱ्यापैकी स्वच्छ काम करते. क्वाइक (नॉर्वेतलं पारंपरिक यीस्ट) पडलं तर उलटं, त्याला ३० च्या वर न्या.

आणि ते मागे राहिलेलं पॅकेट. ३१ मे, शनिवार, तीच रेसिपी, नवा फर्मेंटर, नवी नळी. आता यीस्टचं पॅकेट मी सकाळीच फ्रिजमधून काढून वहीवर ठेवते, कापायच्या आधी नाव मोठ्याने वाचते, आणि रिकामं पॅकेट पट्टीसकट वहीत चिकटवते, मगच ओळ लिहिते. १.०५१ ने सुरुवात, बाराव्या दिवशी १.०११, तीन दिवसांनी तेवढीच. दादा म्हणाला, "भर आता, हे साधं यीस्ट आहे." मी आणखी चार दिवस थांबले, पुन्हा मोजलं, आणि मग भरली.